खाल्लं कुणी?

गावच्या शोचा, म्हणजे भाज्या, फुलं, केक यांच्या स्पर्धेचा आणि प्रदर्शनाचा तंबू दुपारी दोनला लोकांसाठी उघडतो. आत शिरलं की आधी वास येतो. तुडवलेल्या ओल्या गवताचा, उन्हाने तापलेल्या कापडाचा, आणि त्यात मिसळलेला कांद्याचा, स्वीट पीच्या फुलांचा, नुकत्याच कापलेल्या केकचा. आई त्या उन्हाळ्यात आमच्याकडे इंग्लंडमध्ये, सॉमरसेटला आली होती. ऑगस्ट असूनही अंगात स्वेटर, हात पाठीमागे बांधलेले, आणि एकेका टेबलापाशी थांबून ती प्रत्येक बशी नीट निरखत होती. बटाटे, बीट, गाजरं, पाच-पाच कांदे, तीन-तीन डेलिया. माझ्या रनर बीन्सच्या शेंगा काळ्या कापडावर ओळीने मांडलेल्या होत्या आणि शेजारी लाल कार्ड होतं, म्हणजे पहिलं बक्षीस. त्यातली एक शेंग मधोमध मोडलेली होती. "ही कुणी मोडली?" आईने विचारलं. परीक्षक मोडून बघतात, कोवळी आहे का, शिरा निघतात का, असं मी सांगितलं तेव्हा तिने समाधानाने मान हलवली. मग आम्ही केक, जॅम, अंडी, फुलं असं सगळं पाहिलं, चहा घेतला, आणि बाहेर पडताना ती म्हणाली, "छानच आहे गं सगळं. पण हे खाल्लं कुणी?"

मी तेव्हा काहीतरी उत्तर दिलं. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. ऑक्टोबरात शेंगांचे वाळलेले वेल काठ्यांवरून ओढून काढत होते, तेव्हाही तोच घोळत होता.

शेंग मोडलेली पाहून आईला समाधान का वाटलं, ते मला लगेच कळलं होतं. साताऱ्याच्या मंडईत तिच्याबरोबर पिशवी धरून मी लहानपणी पुष्कळ हिंडले आहे. भेंडीचं टोक अंगठ्याने दाबून मोडायचं आणि 'टच्' असा आवाज आला तरच ती घ्यायची. दुधीला नख लावायचं, काकडीचा एक टोकाचा तुकडा मागून घ्यायचा, गवार मुठीत धरून दाबायची. भाजीवाल्या मावशी ओरडायच्या, "ताई, मोडू नका, मग पुढचं गिऱ्हाईक हात लावत नाही." आई काही बोलायची नाही, पण मोडलेली प्रत्येक भेंडी ती स्वतःच्याच पिशवीत टाकायची. जी मोडली ती आपली, असा तिचा हिशेब होता. सॉमरसेटच्या त्या तंबूत, जिथे तिला ओळखीचं असं काहीच नव्हतं, तिथे पांढऱ्या कोटातल्या कुणा बाईने शेंग मोडून पाहिली होती, हे तिला आपल्यातलं वाटलं असणार.

या शोचं एक पातळ पुस्तक असतं. वसंतात ते घराघरांत येतं, आणि त्यातली भाषा मला फार आवडते, कारण त्यात कुठेही मोघम काही नसतं. 'कांदे, पाच, प्रत्येकी २५० ग्रॅमपर्यंत.' 'टोमॅटो, सहा, देठासकट.' 'मटार, नऊ शेंगा.' 'जॅम, एक बरणी, झाकणावर कंपनीचं नाव नको.' बक्षिसाच्या रकमेत धड चहा आणि केकसुद्धा होणार नाही. सकाळी मांडामांड, मग सगळ्यांनी बाहेर जायचं, तंबूची कनात बांधली जाते, आणि आत फक्त परीक्षक आणि त्यांच्यामागे वही घेऊन चालणारा एक स्वयंसेवक. बाहेर गवतावर आम्ही सगळे थर्मासमधला चहा पीत उभे. कुणी कुणाला विचारत नाही, तुमचे कांदे कसे आहेत म्हणून.

मला हे सगळं शिकवलं ते शेजारच्या प्लॉटवरच्या आजोबांनी. इथे गावाच्या कडेला भाजी पिकवायला जमिनीचे छोटे तुकडे भाड्याने मिळतात, अलॉटमेंट म्हणतात. त्यांचा तुकडा माझ्या तुकड्याला लागून आहे. नव्वदीला टेकलेले, कमी बोलणारे. मटार तोडताना शेंगेला हात लावायचा नाही, कात्रीने देठ कापून देठालाच धरायचं, म्हणजे सालीवरची ती राखाडी, मेणासारखी झाक पुसली जात नाही, हे त्यांनी दाखवलं. परीक्षक प्रत्येक शेंग उजेडासमोर धरतो आणि आतले दाणे मोजतो, एक जरी दाणा पोचट असला तरी त्याला दिसतो. कांदे पात वाळल्यावर वरून दुमडून राफियाच्या दोऱ्याने बांधायचे, पण साली फार सोलायच्या नाहीत. बटाटे मऊ स्पंजने धुवायचे आणि उजेडाने हिरवे पडू नयेत म्हणून परीक्षणापर्यंत झाकून ठेवायचे. डेलियाच्या पाकळ्या खाणारे, मागे चिमटा असलेले तपकिरी किडे पकडायला बांबूच्या टोकावर गवत भरलेली कुंडी उलटी ठेवायची. रात्रभर खाऊन ते पहाटे त्या अंधारात झोपायला जातात. सकाळी कुंडी काढायची आणि लांब नेऊन झटकायची. त्यांच्या शेडमध्ये भिंतीवर जुनी कार्डं खिळ्यांना अडकवलेली आहेत, लाल, निळी, पिवळी. लाल रंग उडून गुलाबी झालेला. मी ती कधी मोजली नाहीत आणि त्यांनी कधी दाखवली नाहीत.

पण खरी कसोटी केकच्या टेबलावर असते. व्हिक्टोरिया सँडविच हा प्रकार बघायला इतका साधा असतो की त्यात काय परीक्षा घ्यायची असं वाटतं. दोन पिवळे थर आणि मध्ये जॅम. अंडी कवचासकट तोलायची, आणि त्यांच्याच वजनाचं लोणी, साखर, पीठ घ्यायचं. जॅम रासबेरीचाच. मध्ये क्रीम नको. वरून साखर भुरभुरायची ती बारीक दाण्याची, पिठीसाखर नाही. आणि निववायच्या जाळीचे वळ केकवर उमटलेले चालत नाहीत. हे नियम घडवले आणि जपले ते विमेन्स इन्स्टिट्यूटच्या बायकांनी. खेड्यांतल्या बायकांची ही संस्था मूळची इथली नाही. ती १८९७ साली कॅनडात, ऑन्टारिओमधल्या स्टोनी क्रीकला सुरू झाली, आणि ब्रिटनमधली तिची पहिली शाखा १९१५ साली वेल्समधल्या अँगलसी बेटावर निघाली, पहिलं महायुद्ध चालू असताना, गावोगावच्या बायकांनी अन्न पिकवावं आणि टिकवावं म्हणून. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग होतं, तेव्हा सरकारने या बायकांना साखर दिली आणि १९४० ते १९४५ या काळात त्यांनी ५,३०० टनांहून जास्त फळं वाया जाऊ न देता बरण्यांत भरली. गावाच्या हॉलमध्ये चुली मांडून, बागेतले पडलेले प्लम आणि कुंपणावरच्या ब्लॅकबेरी उकळून. आज तंबूत जॅमची बरणी उचलून उजेडात धरणारी बाई जेव्हा झाकण उघडून आधी वास घेते, मग चमच्याच्या टोकाने चव, तेव्हा तिच्या त्या काटेकोरपणामागे ही भूक आहे, असं मला वाटतं. जॅम धरला नाही तर तो हिवाळ्यात बुरसणार. नियम तिथून आले.

माझ्या लहानपणी आमच्या घरात ओव्हन नव्हता. आमचं बेकिंग म्हणजे नानकटाई, आणि ती बेकरीत. तूप, साखर, मैदा, रवा, वेलदोडे असं सगळं घरून डब्यांतून न्यायचं, उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी लवकर रांगेत बसायचं. बेकरीतले काका परातीत ते सगळं तळव्याने मळायचे, गोळे पत्र्याच्या ट्रेवर लावायचे आणि लांब दांड्याच्या फावड्याने भट्टीत ढकलायचे. कुणाचा ट्रे कुठला हे फक्त त्यांनाच माहीत. बायका बाहेर बाकावर बसून एकमेकींच्या डब्यांत डोकावायच्या, तूप किती, साखर किती. गरम नानकटाई डब्यात भरताना वर कागद ठेवून झाकण अर्धवट लावायचं, नाहीतर वाफ धरून ती मऊ पडते. घरी आल्यावर पहिली देवापुढे, मग शेजारी दोन्ही बाजूंना वाटीभर, मग आम्हाला. माझा केक मात्र आई चाखू शकली नाही, कारण ती अंडं खात नाही. बेकिंग पावडर शोधणारे बर्मिंगहॅमचे अल्फ्रेड बर्ड यांची गोष्ट मी तिला त्याच दिवशी सांगितली. त्यांच्या पत्नीला अंडं आणि यीस्ट दोन्ही सोसत नव्हतं, म्हणून त्यांनी आधी बिनअंड्याचं कस्टर्ड बनवलं आणि मग १८४३ साली यीस्टशिवाय पीठ फुगवणारी पावडर. "बायकोसाठी?" आईने विचारलं. मी हो म्हटलं. ती बराच वेळ त्यावर काही बोलली नाही.

परीक्षण होईपर्यंत प्रत्येकाच्या नावाचं कार्ड पालथं ठेवलेलं असतं.

मला या सगळ्या प्रकारात सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर ते हे. टेबलावर बशी असते, बशीत शेंगा असतात, आणि त्या कुणी पिकवल्या ते आत शिरलेल्या परीक्षकाला ठाऊक नसतं. नव्वदीच्या आजोबांच्या, शाळकरी पोराच्या, की दहा तासांच्या विमानप्रवासापलीकडून येऊन इथे राहिलेल्या बाईच्या. नियम महिनोन्‌महिने आधी छापून सगळ्यांच्या हातात दिलेले. आणि निकाल कार्डावर लिहून, त्याखाली कधीकधी पेन्सिलीने एक ओळ. 'चव उत्तम, थर थोडे असमान.' 'डेलिया ताजे, एक फूल जरा कोमेजू लागलेलं.' एका अनोळखी माणसाने आपल्या कामाकडे इतकं लक्ष देऊन पाहावं, आणि जे पाहिलं ते सरळ लिहून ठेवावं, यात मला मोठा मान वाटतो.

आमच्या घरी पारख रोज व्हायची. माझे आजोबा पहिला घास घेऊन क्षणभर थांबायचे. आई ओट्याशी पाठमोरी, तव्यावर पोळी. "आमटी आज पातळ झाली." "मागच्या खेपेला भरीत चांगलं होतं." त्यात दुष्टपणा नव्हता, आजोबा प्रेमळ होते, पण आमटी किती दाट हवी हे कुठे छापलेलं नव्हतं, आणि आज दाट आवडली तर उद्या पातळ. स्वयंपाक करणारी कोण हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे मीठ कमी पडलं की ते आमटीत कमी नसायचं, आईत कमी असायचं. आणि चांगलं झालं तर कुणी बोलायचं नाही. घरातल्या पुरुषांनी स्तुती करायची पद्धतच नव्हती. आई कशावरून ओळखायची? कुणी भात पुन्हा मागितला, पातेल्याच्या तळाशी काही उरलं नाही, पाहुण्याने बोटं चाटली. खाल्लं कुणी, किती खाल्लं, हेच तिचं लाल कार्ड होतं. दुसरं कुठलं तिला कधी मिळालंच नाही. मी पहाटे दव पडलेल्या गवतातून शेंगा घेऊन जाते, त्यांना एक परीक्षक मिळतो, पांढरा कोट घालून येतो, आणि माझ्या आईच्या पन्नास वर्षांच्या स्वयंपाकाला असा कुणी मिळाला नाही, याचं मला त्या हिवाळ्यात फार वाईट वाटत राहिलं.

तशी ही प्रदर्शनांची परंपरा काही निर्मळ जागी सुरू झाली असं नाही. सॉमरसेटचाच भाग असलेल्या बाथमध्ये १७७७ साली एडमंड रॅक या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या गृहस्थांच्या पुढाकाराने शेती सुधारण्यासाठी संस्था निघाली, तिचं प्रदर्शन आजही भरतं. त्या काळच्या अशा संस्था नांगरटीला, बियाण्याला, मेंढ्यांना बक्षिसं देत. आणि त्यांच्या यादीत आणखी एक बक्षीस असे. गावच्या दानाला हात न लावता ज्या मजुराने सर्वांत जास्त मुलं वाढवली, त्याला. जमीनदार मांडवात बसलेले आणि मजूर पोरांची संख्या सांगत पुढे आलेला. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. पारख करणारा वर आणि पारखला जाणारा खाली असेल तर कार्डाचा मान होत नाही, मिंधेपणा होतो. आमच्या तंबूत परीक्षक म्हणून येणारी बाई शेजारच्या गावात स्वतः कांदे लावते आणि तिथल्या शोमध्ये हरतेसुद्धा. तेवढ्यानेच सगळा फरक पडतो.

नावाबद्दल बोलायचं तर मला स्वीट पीची एक गोष्ट आठवते. १९११ साली 'डेली मेल' या वर्तमानपत्राने स्वीट पीच्या फुलांची स्पर्धा लावली, पहिलं बक्षीस एक हजार पौंड, तेव्हाच्या मानाने डोळे फिरवणारी रक्कम. देशभरातून फुलांच्या हजारो जुड्या लंडनला रेल्वेने आणि टपालाने आल्या. पहिलं बक्षीस गेलं स्कॉटलंडमधल्या स्प्राउस्टन गावच्या पाद्र्यांच्या पत्नीला, मिसेस फ्रेझर यांना, आणि खुद्द पाद्रीबुवांच्या नावच्या जुडीला तिसरं. त्या पैशांतून गावच्या चर्चचं काम झालं. त्या दोन जुड्या कुणाच्या हातांनी वाढल्या आणि कुणाच्या हातांनी बांधल्या, याचा विचार मी स्वीट पीचे तणावे खुडताना नेहमी करते. लहानपणी कराडला भरणाऱ्या शेतकी प्रदर्शनाला बाबा आम्हाला एसटीने न्यायचे. माझ्या दुप्पट उंचीचा ऊस, परातीएवढा कोबी, न्हाऊन माखून उभे केलेले खिलार बैल. प्रत्येक वस्तूपाशी पाटी: शेतकऱ्याचं नाव, गाव, तालुका. मला त्या पाट्या वाचायला आवडायचं. त्यातलं बाईचं नाव मात्र मला एकही आठवत नाही, आणि तो कोबी खुरपणारे हात कुणाचे होते हे आम्हा सगळ्यांना चांगलं माहीत होतं.

आईच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर ते असं आहे. चार वाजता लिलाव होतो. गावचा एक माणूस टेबलावर चढतो आणि उरलेलं सगळं विकतो, कांदे, कापलेले केक, डेलियाचे गुच्छ, आणि पैसे गावच्या हॉलच्या छपराला जातात. शेजारच्या प्लॉटवरच्या आजोबांचे बटाटे त्या दिवशी एका तरुण जोडप्याने घेतले. स्वतःच्या शेंगा मात्र कुणी कधी विकत नाही, त्या परत नेतात. मीही माझ्या नेल्या, मोडलेलीसुद्धा. आईने ती आधी उचलली. संध्याकाळी तिने त्या तिरक्या बारीक चिरल्या, मोहरी-हिंगाची फोडणी, हिरवी मिरची, थोडा गूळ, वरून खोबरं आणि कोथिंबीर. आजोबांना मी जेवायला बोलावलं होतं. त्यांनी आयुष्यभर रनर बीन्स मिठाच्या पाण्यात उकडून खाल्ल्या होत्या. पहिल्या घासाला ते थांबले, आणि मला एकदम माझ्या आजोबांची आठवण झाली. मग त्यांनी पोळीचा तुकडा हातात कसा धरायचा ते आईकडे बघून बघून केलं आणि पुन्हा वाढून घेतलं.

आईने स्वतःसाठी वाढून घेतलं, चावलं, आणि निकाल दिला. "जून झालीय जरा. बोटभर असताना तोडायला हवी होती."

मी कार्ड दाखवलं, पहिलं आहे म्हणून. ती म्हणाली, "असू दे. त्यांनी मोडून पाहिली, मी खाऊन पाहिली." तिचं बरोबर होतं. शोसाठी शेंग लांब, सरळ आणि सारखी हवी असते, आणि ती तेवढी होईपर्यंत चवीचे दोन दिवस निघून गेलेले असतात. मला त्या परीक्षक बाईचा राग आला नाही आणि आईचाही नाही. दोघींनी आपापलं काम चोख केलं होतं. आईचं बोलणं आजोबांना भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्यांनी काटा खाली ठेवला आणि म्हणाले, "त्यांना सांग, माझ्या बायकोचंही हेच म्हणणं होतं."

या वर्षीचं पुस्तक आलं तेव्हा मी आईला फोनवर स्पर्धेचे सगळे वर्ग वाचून दाखवले. फुलं, भाज्या, मुलांसाठी भाजीचे प्राणी हे सगळं तिने हूं म्हणत ऐकलं. चटणीच्या वर्गापाशी तिने मला थांबवलं. एक बरणी, किमान दोन महिने मुरलेली, चिठ्ठीवर घटक आणि तारीख, बरणी काठोकाठ भरलेली. लिंबाचं गोड लोणचं चालेल का, असं तिने विचारलं. मी आयोजकांना विचारून सांगते म्हटलं. विचारलं, आणि चालेल असं उत्तर आलं. मग तिचे प्रश्न सुरू झाले. ती जूनच्या सुरुवातीला येणार म्हणजे मुरायला पुरेसा वेळ आहे, पण इथली लिंबं जाड सालीची, तर लेस्टर शहरातल्या भारतीय दुकानातून कागदी लिंबं आणता येतील का. काठोकाठ भरायचं तिला पटलं नाही, रस वर यायला बोटभर जागा लागते म्हणाली, आणि नियम असला तरी शेवटच्या दिवशी वरून भरू, आधी नाही. अर्जावर नाव कुणाचं लिहू असं मी विचारलं. "माझं," ती म्हणाली. "पूर्ण लिही. आणि ती चाखणारी बाई तिखट खाते का, तेवढं आधी विचारून ठेव."